आधी काकू, मग साल

६ जानेवारी

प्रयोगवहीत शिव्या लिहिता येत नाहीत, म्हणून ही दुसरी वही. ती सर तपासतात. ही कोणी तपासणार नाही; दादाला माझ्या संशोधनात काडीचा रस नाही आणि वहिनीला माझं अक्षर लागत नाही.

आजची शिवी माझ्याच हाताला. अर्क काढायच्या काचेच्या उपकरणाची वाकडी नळी मोडली. खाली चंबूत ईथर उकळतं, वाफ वर जाऊन थंड होते, आणि ते थंड ईथर त्या नळीतून थेंबाथेंबाने झाडाच्या सालीवर पडतं. सालीतलं जे विरघळेल ते घेऊन ईथर परत चंबूत येतं. दिवसभर हेच चाललेलं असतं आणि मी शेजारी स्टुलावर बसून त्याच्याकडे बघत असते. यालाच संशोधन म्हणतात.

प्रयोगशाळेची उपकरणं काच फुंकून बनवणारे काचवाले मामा सुट्टीवर आहेत, लेकीकडे गेलेत, कधी येतील ते लेकीलाही माहीत नाही. सर आले, तुकडे पाहिले, मला एक शब्द बोलले नाहीत. (हे बोलण्यापेक्षा वाईट.) मग आपल्या खणातून त्यांनी नव्याने बाजारात आलेली ती पारदर्शक प्लॅस्टिकची नळी काढली, हवी तेवढी कापली आणि मोडक्या जागी बसवली.

"बघ कशी वळते! काचेच्या बापाला जमेल का?"

नळी खरंच लुसलुशीत आहे. सर तिच्याकडे असे बघत होते की मला वाटलं आता बारसंच करतात.

९ जानेवारी

आजवर चंबूच्या तळाला जेमतेम डाग पडायचा, खरवडून खरवडून हात दुखायचे. आज ईथर उडवून लावलं तर खाली बोटभर तेल! फिकट पिवळं, दाट, वास जवळजवळ नाही. मी स्टुलावरून पडायच्या बेतात होते.

सर म्हणाले, यंदा साल चांगली आहे.

साल सरांच्या परसातल्या झाडाची. त्या झाडावर मुंग्या चढत नाहीत, हे काकूंच्या, म्हणजे सरांच्या बायकोच्या, लक्षात आलं. सर त्याच झाडाखाली वर्षानुवर्षं खुर्ची टाकून वाचत बसायचे, त्यांना मुंग्या दिसल्या नाहीत आणि मुंग्या नसलेल्याही दिसल्या नाहीत. पण काकूंनी सांगितल्यावर त्यांनी सालीत काय आहे ते शोधायचं ठरवलं, आणि ते शोधायला मला जुंपलं.

मे महिन्यात सर निवृत्त होतात. त्याआधी नवीन संयुग हाती लागलं तर मला पदवी, आणि पदवी मिळाली तर मुलींच्या कॉलेजातली शिकवायची जागा. नाहीतर दादाच्या घरी वहिनीच्या धाकट्याला पाढे शिकवत बसायचं. धाकटा आत्ताच मला "प्रोफेसर" म्हणून हाक मारतो, दादाने शिकवलंय.

१६ जानेवारी

तेल शुद्ध केलं. आता ते जाळायचं.

ही पद्धत मला मनापासून आवडते, कारण ती आडदांड आहे. पदार्थ काय आहे कळत नाही? जाळा त्याला. कणभर तेल प्लॅटिनमच्या इवल्याशा होडीत तोलायचं, होडी तापलेल्या नळीत ढकलायची, वरून प्राणवायू सोडायचा. त्यातला सगळा हायड्रोजन पाणी होऊन बाहेर पडतो, सगळा कार्बन कार्बन डायऑक्साइड होऊन. पुढे दोन छोट्या नळ्या असतात. पहिली फक्त पाणी पिते, दुसरी कार्बन डायऑक्साइड गिळते. मी त्यांची नावं ठेवली आहेत: तहानलेली आणि हावरी. जाळण्याआधी आणि नंतर दोघींचं वजन करायचं, जेवढी वाढली तेवढं त्यांनी खाल्लं. उरलेला हिशेब प्राणवायूच्या नावावर टाकायचा.

आज मी दोघींची जागा अदलाबदल करून ठेवली. हावरी पुढे बसली आणि पाण्यासकट सगळं तिनेच गिळलं. तहानलेलीच्या वाट्याला काही आलं नाही. गणित केलं तर हायड्रोजन शून्य.

सर चष्मा काढून म्हणाले, "अभिनंदन. जगातलं पहिलं तेल, ज्याच्यात हायड्रोजनच नाही."

नेमक्या तेव्हाच काकू आल्या होत्या, सरांचा विसरलेला चष्म्याचा डबा घेऊन. त्या खुर्चीवर बसून पोट धरून हसल्या. काकूंनी हल्ली डोक्याला रंगीत रुमाल बांधायची फॅशन सुरू केली आहे. छान दिसतो. वजनही चांगलंच उतरवलंय. कसं ते एकदा विचारलं पाहिजे, माझं तर स्टुलावर बसून बसून वाढत चाललंय.

२३ जानेवारी

कार्बन ७३.८. हायड्रोजन ९.८. उरलेला १६.४ प्राणवायू.

पुन्हा जाळलं, तेच आकडे. प्रत्येकाला त्याच्या अणूच्या वजनाने भागलं, तर कार्बन बारा, हायड्रोजन एकोणीस, प्राणवायू दोन असं प्रमाण आलं. पण नुसत्या या तिघांच्या रेणूत हायड्रोजन विषम असून चालत नाही, तेव्हा दुप्पट करा: चोवीस, अडतीस, चार. कापरात विरघळवून रेणूचं वजन काढलं, तेही सूत्राप्रमाणे हवं तसं तीनशे नव्वदच्या आसपास आलं. सगळं असं जुळलं की मी टेबलावर ताल धरला. सरांनी हाताने गप्प केलं, पण त्यांचा पायही हलत होता.

मग दार लोटून हळू आवाजात म्हणाले, "याला तुझ्या काकूंचं नाव द्यायचं. तिला सांगायचं नाही. छापून आलं की अंक तिच्या हातात ठेवायचा."

माझ्या मनात माझं नाव होतं, हे इथे लिहायला हरकत नाही. पण झाडावरच्या नसलेल्या मुंग्या मी पाहिल्या नव्हत्या. मी हो म्हणाले.

५ फेब्रुवारी

नळी कडक झाली. पूर्वी बोटाभोवती गुंडाळता यायची, आता वाकवली तर मोडेल की काय असं वाटतं. सरांना दाखवली. ते म्हणाले, ईथरच्या थंडीने होत असेल, नवी कापून लाव. लावली. तेल पुन्हा भरपूर.

घरी वेगळंच महाभारत. जेवायच्या टेबलावर वहिनीने हौसेने घातलेलं फुलाफुलांचं प्लॅस्टिक, जिथे तेलाची बरणी ठेवतात नेमकं तिथे पुठ्ठ्यासारखं ताठ झालंय. दुकानदाराने फसवलं म्हणून वहिनी त्याच्याशी भांडायला निघाली होती.

दादा म्हणाला, "हिला पाठव. शास्त्रज्ञ आहे."

मी म्हणाले, "मी सेंद्रिय रसायनाची आहे, टेबलाची नाही." सगळे हसले. मला माझं बोलणं फार आवडलं.

१४ फेब्रुवारी

मुंग्यांसमोर परीक्षा. सिंकजवळ मुंग्यांची रांग असते, तिच्या वाटेत तेलाचा थेंब टाकला. आता पांगतील म्हणून आम्ही दोघं वाकून बघत होतो. पहिली मुंगी थांबली, मिशा हलवल्या, थेंबाच्या कडेवर चढून पलीकडे गेली. मागच्याही तशाच गेल्या. एकीने तर वाटेत थांबून पाय पुसले.

सरांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. मग म्हणाले, "या प्रयोगशाळेतल्या मुंग्या. ह्यांना कशाचंच काही वाटत नाही."

मला हे पटलं. मलाही इथे येऊन तसंच झालंय.

४ मार्च

सरांनी घाई लावली आहे. निबंध टाइप झालाय, पाकीट तयार आहे, पण सकाळ-संध्याकाळ "झालं का? झालं का?" निवृत्तीच्या सभेत मिरवायचं असणार, दुसरं काय. स्वतः मात्र दर मंगळवारी गायब. आजही नव्हते. मला वाटतं मुदतवाढीसाठी कोणाचे तरी उंबरे झिजवत असतील. काल त्यांच्या कोपराच्या आतल्या बाजूला कापूस चिकटवलेला होता. विचारलं तर म्हणाले, "रक्त दिलं, कोणाला तरी लागत होतं." या वयात रक्तदान! मिरवायची हौस तरी किती.

काल जाताना पाकीट माझ्याच हातात दिलं. "नवीन अर्काचं एक दहन कर. आकडे जुळले की पेटीत टाक, मला विचारत बसू नकोस."

१० मार्च

आजचं कोणालाही सांगायचं नाही.

सकाळी उपकरण लावलं, ईथर चढवलं आणि दिवसभर स्टुलावर बसून मुलींच्या कॉलेजातलं माझं पहिलं भाषण मनातल्या मनात दिलं. त्यात मी सरांचे आभार मानले, काकूंचे मानले, दादाला एक बारीक चिमटा काढला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. संध्याकाळी ईथर उडवलं, चंबूत नेहमीसारखं तेल. नेहमीपेक्षा स्वच्छ, पाण्यासारखं. खूश होऊन साल काढून टाकायला गेले, तर सालीची जागा रिकामी.

साल भरलेली वाटी खिडकीत होती. मी ती घातलीच नव्हती.

१२ मार्च

चंबू नीट धुतला नसेल, असं स्वतःला सांगितलं. आज सगळं धुतलं, पुसलं, भट्टीत वाळवलं, नवीन ईथर घेतलं, नवीन नळी लावली. साल मुद्दाम खिडकीतच ठेवली आणि अधूनमधून तिच्याकडे बघून खात्री करून घेतली.

तेल आलं. खिडकीतली साल जाग्यावर बसून सगळं बघत होती.

१३ मार्च

साल न घातलेलं तेल जाळलं. वजन करायला बसले आणि तशीच उठले. आधी पाणी प्यायले, मग पुन्हा बसले.

कार्बन ७३.८. हायड्रोजन ९.८.

आकडे जुळले. सरांच्या हुकमाप्रमाणे आता पाकीट पेटीत टाकायला हवं.

१४ मार्च

जेवताना वहिनी त्या ताठ प्लॅस्टिकवर नख मारत म्हणाली, "सगळा मऊपणा कुठे गेला कोण जाणे." घास माझ्या घशातच अडकला. दादाने पाठीत धपाटे घातले.

सगळा मऊपणा कुठे गेला ते मला माहीत होतं. एका छान बाटलीत भरून, वर चिठ्ठी लावून मी तो कपाटात ठेवला होता.

आज नळीचे तुकडे करून नुसत्या ईथरमध्ये भिजत घातले. संध्याकाळी तुकडे काडीसारखे कडक, आणि खाली तेल. जाळायची गरज नव्हती तरी जाळलं. तेच. प्लॅस्टिक लवचिक राहावं म्हणून कारखान्यात त्यात तेल मिसळतात, आणि ईथर ते धुऊन काढतं. आम्ही नवीन वर्षापासून सरांच्या नळीचा अर्क काढत होतो. मुंग्यांना हे पहिल्या दिवशी कळलं.

१६ मार्च

पाकीट पिशवीत आहे. पिशवी घेऊन टपालपेटीपाशी गेले होते, हे लिहून ठेवते. निबंधात खोटं असं काहीच नाही, आकडे खरे, सूत्र खरं. फक्त "सालीतून" हा शब्द चुकीचा. एवढ्या एका शब्दासाठी पदवी गेली, जागा गेली, सरांची शोभा झाली, तेही निरोपाच्या तोंडावर. आणि नळी सरांनीच लावली होती, मी नाही. हा मुद्दा मी पेटीसमोर उभं राहून स्वतःला फार तावातावाने पटवला. मागे उभी असलेली एक बाई म्हणाली, "टाकताय का? मला टाकायचंय." मी बाजूला झाले. तिने टाकलं आणि निघून गेली.

सांगायचं तर शब्द सुचत नाहीत. "सर, तुमचं संयुग नळीचं आहे." दहा प्रकारे म्हणून पाहिलं, प्रत्येक प्रकार आधीच्यापेक्षा वाईट.

१८ मार्च

आज मंगळवार, सर नव्हते. बरं झालं म्हणून मी आधी सुटकेचा श्वास सोडला, आणि त्या श्वासाचीच लाज वाटून संध्याकाळी त्यांच्या घरी गेले.

दार काकूंनी उघडलं. डोक्याला रुमाल नव्हता. केसही नव्हते.

मी दारातच उभी राहिले. रुमाल, वजन, मंगळवार, सरांच्या कोपरावरचा कापूस, "झालं का? झालं का?" सगळं एकदम जाग्यावर येऊन बसलं. काकूंचं वजन कसं उतरलं ते मी विचारणार होते! कणाकणाचं वजन करणारी मी, आणि समोरचं माणूस मला दिसलं नाही. मला रडू आलं ते आवरलं नाही.

"अगं, टक्कल बघून एवढं कोणी रडतं का?" काकू म्हणाल्या. "आत ये. ते औषधं आणायला गेलेत. आज दवाखान्याचा दिवस, मला बसवत नाही फार, तूच पाणी घे."

मी पाणी घेतलं. काय झालंय विचारलं. त्यांनी सरळ सांगितलं, बाजारातून काय आणलं ते सांगावं तसं. डॉक्टर काय म्हणतात विचारलं तर म्हणाल्या, "डॉक्टर बोलतच नाहीत, कागद बघतात. तुमच्या सरांसारखेच."

तेवढ्यात सर आले. पिशवी ठेवली, माझ्याकडे बघितलं, आणि डोळ्यांनी विचारलं: टाकलंस ना? चेहरा असा आशेचा होता की मला पळून जावंसं वाटलं. पळाले असते तर पुन्हा कधीच बोलले नसते.

"सर, मी साल घालायला विसरले होते," मी म्हणाले. "तरी तेल आलं."

सर उभेच. "चंबू धुतला नसशील."

"धुतला. पुन्हा केलं. जाळलंही. त्र्याहत्तर पूर्णांक आठ, नऊ पूर्णांक आठ. नुसती नळी भिजवली, तेही तेच. सर, ते नळीतलं आहे."

सर खुर्चीवर बसले. माणूस इतका हळू बसू शकतो हे मला माहीत नव्हतं. मग म्हणाले, "नळी मी लावली."

"हो."

"काय चाललंय दोघांचं?" काकू म्हणाल्या. "माझ्या झाडाचं काही आहे का?"

सरांनी सांगितलं. नाव द्यायचं होतं हेही सांगितलं, जमिनीकडे बघत, शाळेत वर्गाबाहेर उभं केल्यासारखं. "तुझ्या हातात द्यायचं होतं. वेळेत."

काकूंनी तोंडाला पदर लावला. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतात. त्या हसत होत्या. हसता हसता खोकला लागला, सरांनी पाणी धरलं, तरी हसायच्या थांबेनात.

"म्हणजे प्लॅस्टिकच्या नळीतल्या तेलाला माझं नाव! छापून! जगभर! अहो, ही साल घालायला विसरली नसती तर?"

"आधी रिकामं करून बघायला हवं होतं," सर म्हणाले. "तसा नियमच आहे. आपल्या भांड्याचं आणि आपल्या हाताचं किती येतं ते आधी बघायचं, मग ते वजा करायचं. मीच शिकवतो पोरांना. मुंग्या त्या थेंबावरून चालत गेल्या, तेव्हाही नाही केलं. घाई होती मला."

"त्या रिकाम्याला काय म्हणता तुम्ही?"

"कोरी चाचणी."

"मग तिला द्या माझं नाव," काकू म्हणाल्या. "लग्न झाल्यापासून मी दुसरं काय केलंय? तुमच्यातून तुमच्या बढाया वजा करून बघत आले."

मी न राहवून विचारलं, "आणि काय उरतं, काकू?"

काकूंनी सरांकडे बघितलं. "उरतं," म्हणाल्या. "पुष्कळ उरतं."

सर उठून स्वयंपाकघरात गेले आणि तिथे भांडी उगाच इकडची तिकडे ठेवत राहिले. पाकीट मी पिशवीतून काढून टेबलावर ठेवलं. काकूंनी ते उघडून कोऱ्या बाजूंवर वाणसामान लिहायला घेतलं.

७ एप्रिल

मुलींच्या कॉलेजातली जागा दुसऱ्या कोणाला मिळाली. दादाने दिवसभर एकही विनोद केला नाही, तेव्हा मला कळलं की परिस्थिती गंभीर आहे. रात्री जेवताना त्याने स्वतःच्या ताटातलं माझ्या ताटात वाढलं आणि म्हणाला, "प्रोफेसर, खा." पहिल्यांदाच ते चिडवल्यासारखं वाटलं नाही.

सर म्हणतात, निवृत्त झालो तरी येत राहीन, तुझं होईपर्यंत. मंगळवार सोडून. त्यांनी फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात खडूने लिहिलंय: "आधी काकू, मग साल." खाली "पुसू नये". नव्या विद्यार्थ्यांना वाटतं हा काहीतरी घरगुती उपाय आहे.

२१ एप्रिल

काचवाले मामा परत आले, आजोबा होऊन. नळी बनवून दिली, वाकडी, नितळ, जरा फुंकर जास्त झाल्याने मध्ये फुगलेली. मोडलीस तर याद राख म्हणाले.

आज काकू केली. म्हणजे चंबू, ईथर, काचेची नळी, सगळं लावलं आणि साल खिडकीत ठेवली. दिवसभर स्टुलावर बसले. भाषण दिलं नाही. संध्याकाळी सर येऊन शेजारी उभे राहिले, मी ईथर उडवलं. चंबू उचलून उजेडात धरला, फिरवला, तळ पाहिला. वजन केलं: काल होतं तेच. सरांनी पुन्हा केलं, तेच.

"गेल्या वर्षभरातला हा आपला पहिला खरा निकाल," सर म्हणाले.

उद्या साल. जुन्या काचेत जो डाग पडायचा तेवढाच पडेल, तो जमवता जमवता वर्ष जाईल, आणि जमला की जाळावा लागेल. बघू.

२२ एप्रिल

साल आज नाही लावली. मंगळवार होता. कालचा चंबू रुमालात गुंडाळून मी दवाखान्यात गेले. काकू आडव्या होत्या, आवाज अगदी बारीक झालाय. सर उशाशी बसले होते. चंबू मी काकूंच्या हातात दिला. हात लटपटतात, म्हणून खालून सरांनी धरला.

काकूंनी तो खिडकीकडे करून डोळ्याशी नेला, वास घेतला, उलटा करून झटकला.

"काहीच नाहीये यात."

"नाही काकू."

"अगदी काही नाही?"

"कणभरसुद्धा नाही. दोघांनी वजन केलं."

"वा," काकू म्हणाल्या. मग दाराशी औषधं घेऊन आलेल्या नर्सला त्यांनी बोटाने जवळ बोलावलं आणि चंबू दाखवला. "सांभाळून हं, सिस्टर. हे माझ्या नावाचं आहे."